तांबड्याची मान

भाऊ पुन्हा छकड्यावर बसणार, ही बातमी मला भाऊने सांगितली नाही. वहिनीने सांगितली. मी शाळेतून येऊन अंगणात पाय धूत होतो आणि ती मागे येऊन उभी राहिली.

"भाऊजी, यांनं तांबड्या-ढवळ्याले पेंड सुरू केली," ती म्हणाली.

एवढेच बोलली. पण आमच्या घरात पौष लागताना बैलांपुढे पेंड आणि गूळ येऊ लागला की त्याचा अर्थ कळायला पंचांग लागत नसे. शंकरपट जवळ आला होता.

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. छप्पन-सत्तावन्नचा सुमार असेल. आमचा जिल्हा तेव्हा चांदा. पोंभुर्ण्याकडच्या गावांत धान कापून, चुरून झाले की रिकाम्या बांध्यांतून, म्हणजे धानाच्या खाचरांतून, शेजारी शेजारी दोन सरळ पट्ट्या तयार करायच्या, दोन जोड्या एकदम सोडायच्या, आणि अख्ख्या मुलखाने पाहुणा म्हणून येऊन घसा बसेपर्यंत ओरडायचे. छकडा ही गाडी फक्त म्हणायला. दोन चाके, एक दांडी आणि माणूस कसाबसा टेकेल एवढी फळी. त्या फळीवर बसून जोडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. माझा थोरला भाऊ नामी धुरकरी होता. गेल्या साली चाक पट्टीच्या कडेच्या मातीवर चढले, भाऊ उडाला तो थेट खुब्यावर पडला. चार महिने खाटेवर होता. चांद्याच्या डॉक्टरने बजावले होते की खुबा अजून पुरता धरलेला नाही, वर्षभर धक्का लागू देऊ नका. या वेळी पडलात तर पुन्हा उभे राहणे नाही.

वर्ष कुठे झाले होते? दहा महिने. भाऊ काठी टेकत गोठ्यापर्यंत जायचा आणि तेवढ्यात घामाघूम व्हायचा. तरी जीव त्या पटात.

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. आणि भित्र्या माणसाला राग लवकर येतो. मी तसाच ओल्या पायांनी गोठ्यात गेलो आणि त्याला वाटेल ते बोललो. वहिनीचे काय, घराचे काय, तुला अक्कल आहे की नाही. भाऊ शांतपणे तांबड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. माझे संपल्यावर म्हणाला, "झालं, मास्तर? आता जेव जा."

"मी हाकतो जोडी," मी म्हणालो.

हे माझ्या तोंडून कसे निघाले ते मला अजून कळलेले नाही. लहानपणी भाऊच्या हाताखाली शेतात छकडा हाकला होता, अंगाने किडकिडीत होतो, बैल मला ओळखत होते. एवढीच माझी लायकी.

भाऊ हसला. "पोरं हाकणं अलग, बैल हाकणं अलग."

"शिकवलं तर तूच होतं."

त्याने बैलांपुढची पेंड हाताने सारखी केली. मग म्हणाला, "बरं. तू बस. पण पहिल्या दिवशी जोडी ढंगानं नाई पळाली, त दुसऱ्या दिवशी मी बसीन. मंग मले कोणी अडवू नोका. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. म्हणजे आता भाऊचा खुबा माझ्या हातात होता. मी नीट हाकले तर तो वाचणार, नाही हाकले तर तो चढणार.

पट शनिवार-रविवारी होता, आमच्या गावापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आम्ही शुक्रवारी सकाळीच निघालो. तांबडा-ढवळा आमच्या साध्या गाडीला जुंपले आणि छकडा मागे बांधला; जुवा दोन्हींना एकच. वहिनी कधी पटाला येत नसे, या वेळी मात्र हट्टाने आली. तांबड्याची मान नाजूक, जुवाने घासायची, म्हणून त्याच्या बाजूच्या जुवाला तिने कापडाची नवी गादी शिवून बांधली होती. भाऊने ती पाहून कौतुकही केले. वाटभर भाऊ मला शिकवत होता. कासरा कुठे ढिला सोडायचा, अंग कुठे पुढे झुकवायचे, तुतारी कधी लावायची. तुतारी म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. ती मी कधीच लावणार नाही असे मनात ठरवून मी मान डोलावत होतो. वहिनी गाडीत पाठमोरी बसलेली. ती एक अक्षर बोलली नाही. मला वाटले, ती माझ्यासारखीच घाबरली आहे. वाटले ते खरेच होते, फक्त कारण मला माहीत नव्हते.

शनिवारी दुपारपर्यंत आमची पाळी आली नाही. त्या वेळात मी तीन वेळा नाल्याकडे जाऊन आलो. चौथ्यांदा निघालो तेव्हा भाऊ म्हणाला, "नाला भरून वाहीन आता." आजूबाजूचे लोक हसले. मीही हसलो, पण ओठ कोरडे पडल्यामुळे दातांना चिकटले. दोन्ही पट्ट्यांच्या कडेला माणसेच माणसे होती, बाया रंगीत लुगडी नेसून गाड्यांवर उभ्या, आणि प्रत्येक जोडी सुटली की त्या गर्दीतून जो आवाज उठे तो माझ्या छातीत शिरून तिथेच बसे. तेवढ्यात एक जोडी उधळून माणसांच्या अगदी जवळून गेली. कोणाला लागले नाही. लोक खूश झाले.

आमच्यासमोर मार्कंडा गावाकडची जोडी लागली. जुवाखाली मान देताना तांबडा मागे सरला. असे तो कधी करत नसे. मी भाऊकडे पाहिले. तो म्हणाला, "गर्दी पाहून बिचकते. बस तू." मी बसलो. फळी किती अरुंद आहे हे तोवर माझ्या लक्षात आले नव्हते.

झेंडी पडली आणि पुढचे सगळे माझ्या हाताबाहेर घडले. पहिली पन्नास पावले जोडी सुरेख गेली. मग तांबड्याने मान वर झटकली. एकदा, दोनदा, आणि मग तो ढवळ्याच्या अंगावरच ढकलू लागला, जणू कोणी त्याच्या मानेवर निखारा ठेवला होता. छकडा डावीकडे गेला. डावे चाक कडेच्या मातीवर चढले, ज्या तऱ्हेने भाऊचे चढले होते अगदी त्याच तऱ्हेने, आणि मी एका बाजूला लोंबकळलो. माणसांचे पाय मला हातभर अंतरावर दिसत होते. मी कासरा ओढला. धुरकऱ्याने कासरा ओढणे म्हणजे सगळ्या गावासमोर रडणे. पण मी ओढला, दोन्ही हातांनी, जीव खाऊन. चाक खाली आले. शेजारची मार्कंड्याची जोडी अर्ध्यातच पट्टी सोडून शेतात पळाली होती, म्हणून आम्ही हळूहळू, वरातीच्या गाडीसारखे, शेवटच्या खांबापाशी पोचलो आणि जिंकलो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण हसत हसत. "मास्तरनं हजेरी घेत घेत आनली जोडी," कोणीतरी ओरडले.

मी कासरा मुठीत धरून छकड्यावरच बसून राहिलो. भाऊ काठी टेकत आला. शिव्या देईल असे वाटले होते, त्याने दिल्या नाहीत. तेच वाईट. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुह्या हातचं नोहे, बाबू. उद्या मी बसतो."

मी वहिनीकडे पाहिले. ती गाडीच्या चाकाला धरून उभी होती, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. भाऊने उद्या बसायचे म्हटले तरी ती भाऊकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

त्या संध्याकाळी मी भाऊची समजूत काढायचे सगळे प्रकार करून पाहिले. विनवले, डॉक्टरची आठवण दिली, शेवटी रडलोही. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या घरच्या म्हाताऱ्यालाही मध्ये घातले. भाऊचे उत्तर एकच, "कबूल म्हंतलं होतं ना?" मग त्याने एक जुने धोतर मागून घेतले, त्याच्या लांब पट्ट्या फाडल्या आणि उद्या खुबा आवळून बांधायला कशा गुंडाळायच्या ते मला दाखवू लागला. एक टोक मला धरायला लावले. माझ्याच हाताने त्याला बांधायचे होते. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की तो आत्ताच मोडून पडला तर बरे, असेही मनात येऊन गेले. स्वतःच्या मनाची एवढी भीती मला त्याआधी वाटली नव्हती.

अंथरुणावर पडल्या पडल्या माझे ठरले. छकड्याच्या चाकाची खीळ काढून नाल्यात फेकायची. दुसरी बसवीपर्यंत भाऊची पाळी निघून जाईल. निघून गेली नाही तर? दुसऱ्या कोणी आपल्या छकड्याची खीळ काढून दिली तर? अर्धवट बसवलेली खीळ धावताना निसटली तर? चोरी करायची तर हिंमत लागते, आणि माझ्याजवळ ती चोरीपुरतीही नव्हती. तरी उजाडता उजाडता मी उठलो आणि बैल बांधले होते तिकडे गेलो.

धुके होते. तांबडा उभाच होता, मान खाली टाकून. सवयीने मी त्याच्या मानेवर हात ठेवायला गेलो आणि त्याने शिंग असे फिरवले की मी मागच्या मागे पडलो. उठून जवळ जाऊन पाहिले. जुवा टेकतो तिथे त्याची मान वीतभर सुजली होती. कातडीवर फोड उठले होते, दोन फुटून पाणी गळत होते.

जुवा छकड्याला टेकवून ठेवलेला होता. मी वहिनीने शिवलेली गादी दाबून पाहिली. आत काहीतरी टणक लागले. शिवण दाताने तोडली. आत तीन बिब्बे होते, ओले, ताजे, चिरडलेले, आणि त्यांचे काळे तेल गादीभर पसरलेले.

आमच्या जंगलात बिब्बा पायलीने मिळतो. वाळका बिब्बा काळ्या दोऱ्यात ओवून बैलाच्या गळ्यात बांधायची रीत घरोघरी आहे, नजर लागू नये म्हणून. पण ओल्या बिब्ब्याचे तेल कातडीला लागले तर भाजल्यासारखे फोड येतात, हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. आणि वहिनीचे माहेर तर पार जंगलाच्या पोटात. मोह, चारोळी, बिब्बा वेचत ती वाढलेली. ओला कोणता, वाळका कोणता, हे तिला अंधारातही कळले असते.

मी वर पाहिले तर ती समोरच उभी होती. हातात पाण्याची बादली. माझ्या हातातली उसवलेली गादी तिने पाहिली. मी खीळ चोरायला आलो होतो, तेव्हा मला तिच्याकडून काहीच समजावून घ्यायची गरज नव्हती.

मागून काठीचा आवाज आला. भाऊने खुब्याला पट्ट्या बांधून घेतल्या होत्या. माझी वाटही पाहिली नव्हती, स्वतःच बांधल्या होत्या. त्याने तांबड्याची मान पाहिली, माझ्या हातातली गादी घेतली, वास घेतला.

"ओला बिब्बा कोनं घातला इथी?"

वहिनीने तोंड उघडले. मी तिच्या आधी बोललो, "मी. गादीत सरकवला, नजर लागू नये म्हणून."

"ओला?"

"मला काय माहीत ओला की वाळका!"

भाऊने हातातली काठी उचलली आणि माझ्या पाठीत घातली. एकच, पण सगळ्या खुब्याच्या रागाने. तोल जाऊन तो स्वतःच पडायला आला तेव्हा वहिनीने बादली टाकून त्याला सावरले. तोवर लोक जमले होते. भाऊ ओरडत होता, "चार बुकं शिकला आन् बैलाची मान जाळली! तुले बिब्बा नाई समजत, त पोरायले काय शिकवते रे!" लोक हसत होते. माझी पाठ पेटली होती, डोळ्यांत पाणी आले होते, आणि खरे सांगायचे तर त्या तीन दिवसांत पहिल्यांदा मला पुरता श्वास घेता आला. तांबड्याला जुंपता येणार नव्हते. दुसऱ्याचा बैल ढवळ्याशेजारी भाऊ जुंपणार नव्हता. असली मिजास त्याची जन्माची. त्या दिवशी भाऊ चढला नाही.

परतताना यजमानांच्या गाडीत भाऊ पुढे गेला; आमची गाडी आणि छकडा मागाहून आणायचे ठरले. तांबड्या-ढवळ्याला दोराने धरून मी आणि वहिनी मागून पायी चाललो. गाव मागे पडेपर्यंत मी दम धरला.

"वहिनी, आणि मी पडलो असतो तर?"

ती थांबली नाही. चालता चालताच बोलली. "हातावर बिब्बा उडला त रातभरात उठते, भाऊजी. मले वाटलं, शुक्रवारी गाडी ओढतानीच लागन, शनवारी पाह्यटी मान सुजन. मंग कोनीच बसाचं नाई. ना तुम्ही, ना हे. बैलाचं कातडं एवढं जाड असते, हे माह्या डोक्यात नाई आलं."

"मग शनिवारी बोलायचं तरी."

"काऊन बोलली नाई ते मलेच नाई समजत. आता मान फुगन, मंग फुगन, म्हणून पाहून राह्यली होती. तुम्ही फळीवर बसले, तवा आवाजच नाई निंगाला. चाक चढलं तवा मी मेलीच होती."

मला तिचा राग आला होता, खूप आला होता. मी मेलो असतो. तांबड्याने तर काय पाप केले होते? त्याच्या मानेवर माश्या बसत होत्या आणि वहिनी पदराने त्या हाकलत चालली होती, सगळी वाट. घरी आल्यावर तिने पंधरा दिवस खोबरे आणि तीळ वाटून त्या मानेला लावले. तांबडा तिला जवळ येऊ देई. मला देत नसे. जखम भरली, पण तिथले केस पुढे पांढरेच उगवले.

वर्षभर भाऊने ही गोष्ट गावोगाव सांगितली. आमच्या घरचा शिकलेला माणूस, त्याने नजरेसाठी ओला बिब्बा बांधला. सांगताना तो माझी नक्कल करायचा, "मला काय माहीत ओला की वाळका!" शाळेतली पोरेही माझ्या पाठीमागे ते म्हणू लागली. मला काही वाटत नव्हते असे नाही. एकदा तर जेवता जेवता ताट सरकवून उठलो. वहिनी वाढत होती; तिने मान वर केली नाही.

पुढच्या साली पौष लागला. डॉक्टरने सांगितलेले वर्ष उलटून गेले होते. भाऊ काठी न घेता चालू लागला होता, एक पाय जरा फेकत, पण चालत होता. एका सकाळी त्याने मला हाक मारली आणि छकडा अंगणात काढायला सांगितला. बैल नाही जुंपायचे, म्हणाला, नुसते बसून पाहतो.

मी दांडी धरली. भाऊने फळीवर टेकायचा प्रयत्न केला. छकड्यावर बसायला मांड्या जवळ घेऊन गुडघे दुमडावे लागतात. त्याचा उजवा पाय दुमडेना. खुबा धरला होता, पण ताठ धरला होता, वाळलेल्या लाकडासारखा. त्याने हाताने गुडघा ओढला. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडातून आवाज निघाला आणि मग तो माझ्या खांद्याला धरून उतरला. माझ्याकडे पाहिले नाही. आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला.

वहिनी दारात उभी होती. तिच्या जिवावरचे ओझे उतरले असेल, असे मला वाटले. मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "चला, सुंठीवाचून खोकला गेला."

तिने माझ्याकडे वळून पाहिले.

"माह्या बापानं यांले पटावर जोडी हाकताना पाह्यलं, तवा मले या घरी देल्ली," ती म्हणाली. "मले यांले एक साल थांबवाचं होतं, भाऊजी. कायमचं नाई."

मी छकड्याची दांडी उचलली आणि एकट्यानेच तो ओढत गोठ्यामागे नेऊन ठेवला.